वत्सलाचा हेल

बमरोली, सुरत
१९ नोव्हेंबर १९९५

कुंदन,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज तो माझ्या हातून लिहिला जात नाही.

तुझं गाणं काल ऐकलं. आमच्या लूमच्या खात्याबाहेर छगनची चहाची टपरी आहे, तिथे. दिवसपाळी सुटली होती. मला येताना पाहून त्यानं तुमच्या 'कटपीस' बँडची कॅसेट मुद्दाम लावली. 'काशिनाथभाई, तमारो भाणो तो हीरो थई गयो,' म्हणाला. भाच्याचं कौतुक ऐकून पहिलं अर्धं मिनिट मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भजनी मंडळाच्या पेटीवर तुझी बोटं धरून मी तुला सा दाखवला तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तो गळा मी ओळखला. मग गिटारीचा गोंगाट, लखनचा ड्रम, तेही सोसलं. आणि मधेच एक बाई रडायला लागली.

'निंबा, तुनी भाकर थंडी व्हई गयी.'

पुन्हा तेच. पुन्हा तेच. ड्रमच्या ठोक्यावर माझी बहीण रडत होती आणि टपरीवरची पोरं मान डोलवत होती.

तू म्हणशील मामाला गाण्यातलं काय कळतं. मला काय कळतं ते सांगतो. तुझ्या आईनं बावीस वर्षांच्या संसारात तुझ्या बापाचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. हाक मारायची झाली तर 'ओ कुंदनना बाप'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती मला पुढे करायची. ते नाव तिनं आयुष्यात एकाच दिवशी घेतलं, अरेतुरे करून, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात. प्लेगच्या भीतीनं अर्धी सुरत पळाली होती, आपल्या चाळीत सहा घरं उघडी राहिली होती. निंबादाजी तीन दिवसांच्या तापानं गेले. ताप तोच की दुसरा, कुणी नक्की सांगितलं नाही. खांदा द्यायला चार माणसं जमवताना मी कुणाकुणाच्या दारात गेलो ते तुला माहीत आहे, तू सोबत होतास.

त्या दिवशी जे टेप झालं ते तुझ्या आजीसाठी होतं. सुरतेचं माणूस गावात घेत नव्हते आणि म्हातारीला इकडे कुणी येऊ देत नव्हतं. आपला मुलगा नीट रडला गेला की कुत्र्यासारखा उचलला गेला, एवढं तिला कळावं, म्हणून. दुसरी प्रत काढायला ती कॅसेट मी तुझ्याकडे दिली, कारण तुमच्या बँडच्या जिग्नेशकडे दोन कॅसेटांचं मशीन आहे. आजीला प्रत पोचली. ती ऐकून शांत झाली. तिथे ती गोष्ट संपायला हवी होती.

आणि हे तुला कुणी शिकवलं नसेल तर मी शिकवतो. दहाव्याला भाऊ लुगडं आणतो, बहिणीच्या अंगावर टाकतो आणि सांगतो, बाई, आता बस. त्यानंतर बाईनं हेल काढायचा नाही. मनात रडावं, डोळे पुसावेत, पण तो आवाज पुन्हा काढायचा नाही. तो आवाज मेलेल्या माणसाच्या मालकीचा असतो. मी लुगडं टाकलं होतं. तू ते ओढून काढलंस.

आईला अजून माहीत नाही. ती दिवसभर आमच्याकडे घरातच साड्यांचे धागे कापते, बाहेर पडत नाही. तिच्या कानावर हे पडायच्या आत कॅसेट कंपनीला सांगून गाण्यातून तिचा आवाज काढ. बाकी तुम्ही काय वाजवायचं ते वाजवा.

काशिनाथमामा


११ फेब्रुवारी १९९६

कुंदन,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. बडोद्याच्या कॉलेजात पहिलं बक्षीस, पुण्यात कार्यक्रम, टीव्हीवर रोज दोनदा गाणं, जिग्नेशनं केस वाढवले. चार पानांत आई एकदाही नाही.

तू लिहितोस की लोक ऐकून रडतात, बाबांचं नाव देशभर गेलं, हीच त्यांना श्रद्धांजली. निंबादाजींनी आयुष्यभर डाइंग मिलमध्ये कापड रंगवलं. नखं कधी निळी, कधी लाल. त्यांना देशभर नाव न्यायचं असतं तर ते स्वतः गेले असते. त्यांना घरी जाऊन गरम भाकर खायची होती. ती त्या दिवशी थंड झाली, एवढंच ती म्हणाली. त्यात देशाचा काय संबंध?

आणि तू लिहितोस, 'मामा, ते रडणं इतकं खरं आहे की आम्ही लिहून तसं काही करूच शकलो नसतो.' हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. खरं आहे म्हणूनच ते तुझं नाही. देवळातला अंगारा खरा असतो म्हणून कुणी पुड्या बांधून बाजारात बसत नाही. बसतात तेही पाहिलेत मी, पण त्यांच्यात माझा भाचा नव्हता.

आता इथलं ऐक. मी एक्केचाळीस शनिवार मारुतीला खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. सतराव्या शनिवारी मोडला. केबलची तार मी स्वतः कापली आणि घरात सांगितलं, उंदरानं कुरतडली. मामी म्हणते, मग जोडून घ्या. मी म्हणतो, केबलवाला गावी गेलाय. तोच केबलवाला परवा दारात उभा राहून म्हणाला, 'काशिनाथभाई, तुमच्या भाच्याचं गाणं लागतं आणि तुमच्याच घरी अंधार?' आई आत धागे कापत होती. मी त्याला हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं.

छगनला सांगितलं, मी असेन तेव्हा लावू नकोस. तो हसला. त्याला वाटलं मला तुझा हेवा वाटतो. भजनी मंडळात पांडुरंगबुवा म्हणाले, काशिनाथ, तू तीस वर्षं गातोस, पोरानं दोन वर्षांत मागे टाकलं. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन देवापुढे बसलो, तर तोंडातून नामस्मरण निघेना.

कंपनी गाण्याला हात लावू देत नाही, असं लिहितोस. तू विचारलंस का? खरं सांग. विचारलंस का?

मामा


२७ ऑगस्ट १९९६

कुंदन,

जे व्हायचं ते झालं.

परवा रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसायची होती. निंबादाजी गेल्यापासून आपण तिच्या नैवेद्याचे रोट केले नव्हते, यंदा पहिल्यांदा. आईनं स्वतः दळण मोजलं. घरातल्या पुरुषांच्या नावाचं माप घालताना तुझ्या नावाचंही घातलं, मी पाहिलं. सकाळी अंघोळ करून ती कणीक तिंबायला बसली होती. मी चौरंगाला केळीचे खांब बांधत होतो. गल्लीतल्या पोरांनी मांडवात स्पीकर लावले होते. दोन देवीची गाणी झाली, आणि मग कुणीतरी आपल्या गल्लीचा पोरगा म्हणून अभिमानानं तुझी कॅसेट लावली.

मी खांब टाकून धावलो. मांडवापर्यंत पोचलो तोवर तो भाग आला होता. मी वायर उपटली. परत आलो तर घरातून तोच आवाज येत होता.

ती उंबऱ्यात बसली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हात कणकेनं भरलेले. कुंदन, तुमच्या गाण्यात ते एकच वाक्य फिरत राहतं. ती त्या वाक्यावर थांबली नाही. तिथून पुढे निघाली. त्या दिवशी ती जे जे बोलली होती ते सगळं, त्याच क्रमानं. मिलमध्ये भाजलेला हात, तू जन्मलास तेव्हा त्यांनी वाटलेला गूळ, एकदा रागात फेकून मारलेला तांब्या. घरातल्या गोष्टी. बायका हातातली कामं टाकून आल्या आणि सवयीनं तिच्याभोवती बसल्या. शेजारची सरलाबाई तर तोंडाला पदर लावून रडायला लागली. नवीन राहायला आलेल्या एकीनं मला हळूच विचारलं, कोण गेलं?

सणाच्या दिवशी घरात हेल निघाला. रोट बाटले. कणीक गाईला घातली. कानबाई सरलाबाईकडे नेऊन बसवावी लागली. आपल्या घरात आजवर असं झालं नव्हतं.

संध्याकाळी मी बाजारात गेलो आणि लुगडं आणलं. दुसरं काय करणार? दहाव्याला टाकलं तसंच तिच्या अंगावर टाकलं आणि म्हणालो, वत्सला, आता बस. तिनं ते खांद्यावरून काढलं, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

'कितला लुगडा आनशी, भाऊ?' म्हणाली. 'त्यास्नी कॅसेटा कितल्या छाप्यात?'

तो आकडा तुझ्याकडे आहे. मोठा असेल, तुम्हाला बक्षीसही मिळालं म्हणे.

मग तिनं विचारलं, तो आवाज टेपवर धरला कुणी. मी जे सांगायचं ते सांगितलं. तेव्हापासून तुझं पत्र आलं तर ती वाचू देत नाही. काल आलेलं तसंच ठेवलं आहे.

तू येऊ नकोस. आलास तर दार मी उघडेन की नाही, मला माहीत नाही.

काशिनाथ


२० जानेवारी १९९७

कुंदन,

तू मला पाहिलंस असं लखन म्हणाला, म्हणून लिहितो. होय, मी आलो होतो.

सुरतेत तुमचा कार्यक्रम, भिंतीभिंतीवर तुझा फोटो, आणि मी घरी बसून पोथी वाचावी हे जमलं नाही. खात्यातल्या मारुती जमादाराचा मुलगा पास घेऊन आला होता. मी टोपी खिशात घातली आणि त्याच्या मागे मागे आत गेलो. माझ्या वयाचा तिथे एकटा मीच. एका पोरीनं मला 'काका, पाणी कुठं आहे?' असं हिंदीत विचारलं. मी कामगार वाटलो असेन, तो मी आहेच.

तुमची पहिली चार गाणी ऐकली. एका गाण्यात तू डोळे मिटून एकटाच गायलास, बाकीचे थांबले होते. ते चांगलं होतं. मी तुझ्यावर कितीही चिडलेला असलो तरी सुराशी बेइमानी करणार नाही. चांगलं होतं. ते कुणीच ऐकत नव्हतं, हेही पाहिलं. मागची पोरं बडबडत होती आणि ओरडत होती, 'निंबा! निंबा!'

हजार पोरं माझ्या मेहुण्याला नावानं हाका मारत होती. ज्यांना खांदा द्यायला चार माणसं मिळत नव्हती, त्यांना.

तुझं तोंड मी लांबून पाहिलं. तुला ते गाणं तेव्हा नको होतं. तू आणखी एक दुसरंच सुरू केलंस, तर त्यांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. मग तू जिग्नेशकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. ते सुरू झालं. मी बाहेर आलो. गेटवरच्या पोलिसानं विचारलं, इतक्यात निघालात? खरी मजा तर आता आहे.

तुझी कीव आली, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला. स्वतःची चार चांगली गाणी असलेला माणूस आईच्या रडण्यावर उभा राहतो, याचा राग. तुला गरज नव्हती, कुंदन. गरज असती तर मी समजलो असतो.

मामा


(पोस्टकार्ड)
३ नोव्हेंबर १९९७

लखन परत आला. उधन्याला त्याच्या काकाच्या दुकानात बसतो. तो भेटला आणि सगळं बोलला. दुसरी कॅसेट चालली नाही, टीव्हीवर तीन आठवड्यांत बंद झाली. जिग्नेश आणि तू एकमेकांशी बोलत नाही. तुम्हाला आता लग्नाच्या स्वागत समारंभात बोलावतात आणि तिथेही तेच गाणं मागतात. लग्नात! लखन म्हणाला, नवरा-नवरी त्यावर नाचली. माझा हात कपाळाला गेला. उद्गारचिन्ह मी सहसा काढत नाही. आई बरी आहे. डोळ्याला चष्मा लागला. तुला विचारत नाही.

का. मामा


८ मार्च १९९८

कुंदन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. आज रविवार. पाच दिवस मी ते सदऱ्याच्या खिशात घेऊन लूमवर गेलो आणि परत आणलं.

तू लिहितोस की कंपनी तिसरी कॅसेट काढायला तयार आहे. अट एकच. उद्घाटनाच्या कार्यक्रमात आईनं मुंबईत स्टेजवर यावं, साध्या लुगड्यात, आणि ती ओळ स्वतः म्हणावी. टीव्हीवाले येणार आहेत. तू पुढे लिहितोस, 'मामा, ती एकदा आली तर बँड वाचेल. नाहीतर सगळं संपलं. पाच वर्षं गेली. तिला तुमच्याशिवाय कुणी समजावू शकत नाही.' आणि खाली लिहितोस, रडू आलं नाही तरी चालेल, तिथली माणसं सांभाळून घेतील.

हे वाक्य तुझ्या हातानं लिहिलेलं आहे का, हे मी अक्षर लावून लावून पाहिलं. तुझंच अक्षर. मीच गिरवून घेतलेलं.

मी तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात देव होता. तिसऱ्यात तुझ्या बापाची शपथ होती. तिन्हीत मी मोठा आणि तू लहान, मी स्वच्छ आणि तू घाण, असं होतं. अडीच वर्षं मी तुला तसंच लिहीत आलो. आता जे लिहितो ते त्या पत्रांत नव्हतं.

टेप कुणी केलं, असं तिनं कानबाईच्या दिवशी विचारलं तेव्हा मी सांगितलं, कुंदननं.

तुझं नाव घेताना माझी जीभ अडखळली नाही. मला वाटलं, तसाही तू आवाज विकलास, आणखी एक गोष्ट तुझ्या अंगावर पडली तर काय बिघडतं. तुझी आई गेली दीड वर्षं असं धरून बसली आहे की बापाला उचलायच्या आधी तिचा मुलगा कोपऱ्यात बसून मशीन चालवत होता. म्हणून ती तुझी पत्रं वाचून दाखवू देत नाही. गाण्यासाठी नाही. गाणं तिनं कदाचित माफ केलं असतं, आईचं सांगता येत नाही. ते तिला गिळता आलं नाही.

मशीन मी चालवत होतो. मंडळाचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे होता. ती रडायला लागली तेव्हा तू बाहेर बांबू आणायला गेला होतास. मी दाराजवळ बसलो, मशीन उपरण्याखाली घेतलं आणि दोन बटणं एकदम दाबली. म्हातारीसाठी, हे खरं आहे. पण विचारलं नाही. बायको नवऱ्यावर रडते आहे, तिला काय विचारायचं? आणि कॅसेटची एक बाजू संपली, तेव्हा मी ती काढली, उलटी केली आणि परत लावली. तेवढ्या वेळात तिच्या तोंडून जे गेलं ते राहून गेलं, याची मला त्या वेळी हळहळ वाटली. हळहळ! मेहुण्याचं प्रेत समोर होतं. म्हणजे मला तो आवाज चांगला वाटत होता, कुंदन. तुझ्याआधी मला वाटला. तुला मी सा शिकवला, तसं हेही कुठून आलं ते आता मला दिसतं. त्यानं तुझा गुन्हा कमी होत नाही. माझा राग तेवढाच आहे. फक्त तो आता दोघांना पुरवावा लागतो.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी आईसमोर बसलो. मामीला बाहेर पाठवलं. आधी टेपचं सांगितलं, सगळं, बटणांपर्यंत. ती साडीचे धागे कापत होती. हातातली कात्री तिनं खाली ठेवली.

'तू दारशे बठेल व्हता,' म्हणाली. 'तुले देखीसन माले रडू उनं.'

भाऊ दाराशी बसलेला दिसला, म्हणून तिला मोकळेपणानं रडता आलं होतं.

मी खिशातून तुझं पत्र काढलं. तिनं हातानं खूण केली, वाच. मी तुझं पत्र वाचलं. यापूर्वी मी तुझी पत्रं तिला वाचून दाखवायचो तेव्हा तिला लागेल ते गाळायचो, कधी माझ्या मनाचं घालायचो. 'आईला नमस्कार' तू दर वेळी लिहायचास असं नाही, ते मी घालायचो. आज एक अक्षर गाळलं नाही. स्टेज, लुगडं, टीव्ही, रडू आलं नाही तरी चालेल, सगळं वाचलं. वाचताना मला वाटत होतं, ती उठून आत जाईल, किंवा तुला शाप देईल. आणि आता खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो, मला भीती वाटत होती की ती हो म्हणेल. आई आहे. मुलगा बुडतो आहे असं लिहून आलं, तर ती मुंबईच काय, कुठेही जाऊन उभी राहील.

पत्र संपलं. तिनं विचारलं, आणखी काही लिहिलंय का. मी म्हणालो, नाही. तिनं कात्री उचलली, पदरानं पुसली.

'रडाले कोनी मरनं पडस,' म्हणाली. 'त्याले इचार, कोन मरी गयं?'

मग पुन्हा धागे कापायला लागली.

ते मी जसंच्या तसं लिहिलं आहे. ती रागानं बोलली नाही. भाजी काय आणू, असं विचारावं तसं तिनं विचारलं आहे. तिला उत्तर हवं आहे. तिच्या हिशेबानं ती यायला तयार नाही असंही नाही. कोण गेलं ते कळल्याशिवाय ती कुणाच्याच नावानं तोंड उघडणार नाही, एवढंच. तू तुझ्या कंपनीला विचार. जिग्नेशला विचार. मुख्य म्हणजे एकटा बसून स्वतःला विचार, आणि जे खरं असेल ते लिही. कुणी गेलं नसेल तर तसं लिही. तू गेला असशील तर तेही लिही, ती सोसेल.

मी हे पत्र तिच्यासमोर बसून लिहितो आहे. माझ्याशी ती बोलत नाही. सकाळपासून तेवढंच बोलली, तेही अर्धं तुझ्यासाठी. दुपारी जेवायला वाढलं, ताट माझ्यापुढे सरकवलं आणि तोंड फिरवून बसली. मला तिच्याकडे काही मागायचा अधिकार नाही. बस म्हणायला आता माझ्याकडे कुठलं लुगडंही नाही.

उत्तर पाठवशील ते माझ्या नावानं पाठवू नकोस. पाकिटावर तिचं नाव घाल, वत्सला निंबा, पुढे बमरोलीचा पत्ता. मी फक्त वाचून दाखवीन. जे लिहिलं असेल तेच.

काशिनाथ